सौर पंख उलगडताना या चुका टाळा

यानाला वीज पुरवणारा, घडी घालून पाठवला जाणारा सौर पंख जमिनीवरच्या धूळमुक्त स्वच्छ खोलीत दर वेळी नीट उलगडला, म्हणजे अवकाशातही उलगडेल, असे धरून चालणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक.

बिजागरीतली स्प्रिंग खोलीच्या तापमानाला जोरकस वाटते. थंडीत मात्र बिजागरीवरून जाणाऱ्या वायरींचा जुडगा ताठरतो, वंगण घट्ट होते. त्यातच पंख उघडत जातो तसा स्प्रिंगचा जोर उतरत जातो, आणि लॅच (उघडलेला पंख जागी धरणारी खिटी) बसायला जोर हवा असतो तो नेमका शेवटी. म्हणून टॉर्कचा, म्हणजे पंख फिरवणाऱ्या जोराचा, हिशेब शेवटच्या काही अंशांवर, किमान तापमानाला करा. युरोपीय अवकाश मानकात घर्षणाचा केवळ अंदाज असेल तर तो तिप्पट धरतात आणि वर सगळा विरोध दुप्पट करतात. हे अति वाटेल, पण त्यात काटछाट करू नका. चाचणीत वायरी खऱ्याच लावा, बांधणीही उड्डाणातलीच ठेवा.

नुसती दणकट स्प्रिंग घालणे हाही उपाय नाही. जमिनीवर हवा मोठ्या पंखाला रोखते. निर्वातात तो रोध नसतो आणि शेवटचा दणका वाढतो. त्यासाठी डॅम्पर (उघडण्याचा वेग आवरणारा भाग) लावाल, तर तोही थंड करून तपासा. 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाचा पंख स्थानकाच्या तुटलेल्या कवचाच्या पट्टीत अडकला होता. कॉनराड आणि केरविन या अंतराळवीरांनी पट्टी कापली, तरी डॅम्पर गोठलेला असल्यामुळे पंख हलेना. शेवटी दोर ताणून तो मोकळा करावा लागला.

मोटरने दोरी ओढून उघडणाऱ्या पंखात दोरीचा ताण सुटू देऊ नका. 2021 मध्ये निघालेल्या नासाच्या लूसी यानाचा एक गोल पंख दोरी रिळावर नीट न गुंडाळली गेल्याने पूर्ण उघडला नाही.

उड्डाणातल्या हादऱ्यांची नक्कल करणाऱ्या कंपन चाचणीच्या आधी उलगडून पाहिलेत आणि नंतर पाहिले नाहीत, तर हादरे सोसून पंख उघडेल का, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

पंख अडकलाच, तर एका मायक्रोस्विचवर निदान करू नका. तो फक्त लॅच बसला की नाही एवढेच सांगतो. वीजप्रवाह आणि जायरोच्या (यानाचे फिरणे मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी जोडून पंख किती अंशांवर थांबला ते काढा. मग बिजागरी उन्हाकडे वळवून तापू द्या. जोर लावायचा तो त्यानंतर, आणि टप्प्याटप्प्याने. लूसीच्या चमूने 2022 मध्ये मुख्य आणि राखीव मोटर एकत्र, थोड्या थोड्या वेळासाठी चालवल्या. पंख 360 पैकी 353 ते 357 अंशांपर्यंत उघडला आणि मोहीम पुढे चालू राहिली.