आधी वही, मग कीबोर्ड

कोडफोर्सेस या संकेतस्थळावरची कोडिंगची स्पर्धा बहुतेकदा रात्री ८.०५ ला. आमच्या अंबाजोगाईत लाइटचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉप मी सातलाच चार्ज करून ठेवतो.

गणित, म्हणजे कोड लिहून सोडवायचा प्रश्न, उघडलं की आधी मर्यादा बघा. एन, म्हणजे दिलेल्या आकड्यांची संख्या, २ लाख असेल तर दुहेरी लूप (फेरीच्या आत फेरी) म्हणजे ४,००० कोटी पायऱ्या. संगणक सेकंदाला साधारण १० कोटी करतो असं धरा, मग त्या वाटेला जाऊच नका. सॉर्ट करून, म्हणजे आकडे क्रमानं लावून, बायनरी सर्च (दर वेळी अर्धा भाग वगळत शोधणं) बसतो का ते बघा. छोटं उदाहरण वहीत हातानं सोडवा. एकदा मी बेरीज इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या छोट्या प्रकारात, ठेवली. २१४ कोटींच्या पुढं ती उणे झाली अन् तासाभराची मेहनत गेली. तेव्हापासून मोठ्या आकड्यांचा प्रकार, लाँग लाँगच.

खरी वाढ दुसऱ्या दिवशी होते. न सुटलेल्या गणिताशी पाऊण तास झगडा, मगच एडिटोरियल (उत्तराचं अधिकृत स्पष्टीकरण) वाचा, अन् ते मिटवून कोड पहिल्या ओळीपासून स्वतः लिहा.