लायब्ररीपर्यंत नेट न्यायचं? तांब्याची तार विसरा

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या कॉलेजात हटकून एक वाक्य ऐकू यायचं. शिपाई काका लॅबच्या दारात उभे राहून म्हणायचे, "सर, लायबरीत नेट नाई चालून राह्यलं." लागोपाठ दोन वर्षं तेच. कॉम्प्युटर लॅबपासून लायब्ररीपर्यंत कडुलिंबावरून कॅट-सिक्सची, म्हणजे नेटची तांब्याची तार मीच ओढली होती, त्यामुळे बोलणार कोणाला? दुसऱ्या वर्षी वीज पडली ती पार धुऱ्यावरच्या पळसावर, आणि मेले आमचे दोन्हीकडचे स्विच, म्हणजे नेटच्या तारा जिथे जोडतात ते डबे. एक उघडून पाहिला, तर पोर्टजवळची पट्टी काळीठिक्कर आणि नाकात जाणारा जळका वास.

वीज तारेवरच पडायला पाहिजे असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्यात झटका उठतो. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असतं आणि मधली तार त्यांचा सगळा हिशेब तुमच्या स्विचमधून चुकता करते. फायबर म्हणजे काच, नेट तिच्यातून प्रकाशाच्या रूपात जातं. तिच्यातून वीज जात नाही. म्हणून दोन इमारतींच्या मधे फायबरच टाका, अंतर तीस मीटर असलं तरी.

आधी अंतर मोजा. मी पावलं टाकून ९० मीटर धरले होते. तांब्याला १०० मीटरची मर्यादा, म्हणजे बसतंय असं वाटलं. पुढे चर जिथून जाणार तिथून दोर टाकला, हापशीला वळसा घालून सायकल स्टँडच्या मागून, तर १३४ भरले! दोन्ही टोकांना दहा-दहा मीटरची गुंडाळी जास्तीची ठेवा. केबल तुटली की तीच कामी येते.

चर दोन-अडीच फूट खोल घ्या. आपली काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात फुगते. नुसती केबल पुरली तर ताणली जाते. एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) पाइप टाका आणि आत एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा, पुढची केबल तिनेच ओढता येते. पाइपातून न्यायची तर बिनधातूची केबल घ्या. आर्मर्ड केबलला पोलादी कवच असतं, ते वीज वाहून नेतं आणि आपण पुन्हा होतो तिथंच. उंदरांसाठी पाइपाच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा. जेसीबीवाल्यासाठी भिंतीवर लाल रंगाने बाण काढा. तो बाण पाहत नाही, पण नंतर भांडायला बरं पडतं.

स्प्लायसिंगला, म्हणजे फायबरची टोकं जोडायला, माणूस बोलवा, ते घरचं काम नाही. तो दोन कोर (केबलमधले काचेचे धागे) जोडून निघायला पाहील. सहा कोरची केबल असेल तर सहाही जोडून घ्या. सिंगल मोड (फायबरचा एक प्रकार) केबल असेल तर पॅच कॉर्डही, म्हणजे टोकाची छोटी जोडतारही, सिंगल मोडच लागते, ती बहुतेक पिवळी असते. हिरव्या तोंडाचा कनेक्टर निळ्यात घालू नका. त्याची काच तिरकी घासलेली असते. चालू फायबरच्या टोकात डोळा घालून पाहायचं नाही, प्रकाश दिसत नाही पण असतो.

एकाच कोरवर चालणारे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार यांची सांगड घालणारे डबे) घेतले तर जोडी पाहून घ्या: एकीकडे 'ए', दुसरीकडे 'बी'. मी दोन्ही 'ए' आणले आणि संध्याकाळपर्यंत स्प्लायसिंगवाल्याला शिव्या घातल्या. चहा पाजून माफी मागावी लागली.

फायबर झालं तरी लाइटीच्या बाजूने झटका येतोच. मल्टीमीटर न्यूट्रल आणि अर्थला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगचा खड्डा तपासा. आमच्याकडे मे महिन्यात ११ दाखवले. खड्डा कोरडा ठणठणीत, आणि वरची पट्टी गंजून सुटलेली. पट्टी बदलली, मग चार बादल्या पाणी ओतलं, काटा दोनवर आला. आता एप्रिलपासून दर सोमवारी काका कुंड्यांबरोबर अर्थिंगलाही पाणी घालतात.

वायफायचं थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झवर शेजारशेजारच्या डब्यांना १, ६ आणि ११ हेच चॅनल वाटून द्या.

आणि नेट गेलं की आधी कन्व्हर्टरवरचा फायबरचा दिवा पाहा. दोन्हीकडे लागलेला असेल तर चर उकरू नका. लॅबमधल्या राउटरजवळ जा, बाहेरून येणारी लाइन आहे का ते बघा, आणि मगच कंपनीला फोन लावा.