मयताची नोंद शोधताना आधी गाव, मग नाव

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मी अकरा वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. खिडकीशी येणारी माणसं ठरलेलं वाक्य बोलायची, "पणजोबांच्या मृत्यूचा दाखला पाहिजे." आतून ठरलेलं उत्तर जायचं, "इथं मिळत नाही." उत्तर खोटं नव्हतं. दाखला निबंधक देतो, आणि तोही जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खालच्या नोंदीचा. हा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. पणजोबा त्याआधी गावातच गेले असतील तर त्यांचा दाखला नसतो, नोंद असते. ती गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्यात. तेव्हा अर्जात लिहायचं ते असं: "मौजे अमुक, सन १९१५ ते १९२२, गाव नमुना १४ जन्म-मृत्यू नोंदवहीत शोध घेऊन नोंदीची नक्कल मिळावी." अर्जाला कोर्ट फी स्टँप लावा. दाखला मागणारा परत जातो आणि नक्कल मागणाऱ्यासाठी गठ्ठा खाली उतरतो, हे मी खिडकीच्या आतून पाहिलंय. मार्चमध्ये मात्र जाऊ नका. वसुलीच्या दिवसांत तुमच्या पणजोबांसाठी कुणी शिडीवर चढणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथं होत नाही, मेला तिथं होते. ऐकायला साधं आहे, पण निम्मे लोक इथंच चुकतात. गावचा माणूस मुंबईला गिरणीत कामाला गेला आणि तिथंच गेला, तर त्याची नोंद मुंबई महापालिकेकडे. जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला, तर त्या शहराच्या नगरपालिकेकडे. पुणे, खडकी, देवळाली, कामठी अशा ठिकाणी छावणीच्या हद्दीत गेला, तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचं रजिस्टर वेगळं असतं, शेजारच्या महापालिकेत ते सापडत नाही. आणि बाई असेल तर पहिला प्रश्न विचारायचा: ती सासरी गेली की माहेरी?

हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता. आमची पणजी, म्हणजे माझ्या आजोबांची आई, तिच्याबद्दल आत्या एवढंच सांगायची, "ती माहेरी गेली ती आलीच नाही." घरात सगळ्यांनी याचा अर्थ भांडण असा लावला होता. मीही लावला. नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या गावचं कोतवाल बुक १९१० पासून १९३० पर्यंत पानापानानं चाळलं. ती कुठंच नव्हती. मग पान फाटलं असेल म्हणून सोडून दिलं. जीर्ण पानांवर सगळं ढकलता येतं.

घरून निघण्याआधी साल जवळ आणा. म्हाताऱ्या माणसाला "कुठल्या साली?" विचारलं की तो अंदाजानं आकडा सांगतो आणि तो आकडा तुम्हाला वर्षभर फिरवतो. त्यापेक्षा विचारा, तेव्हा काय झालं होतं? कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर (११ डिसेंबर १९६७)? पानशेत फुटलं तेव्हा आजी होती का (१९६१)? बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामांवर कोण कोण गेलं होतं? त्यामागच्या पिढीसाठी साथी उपयोगी पडतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढं बरीच वर्षं राहिला. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, तर घराघरांत आठवणीत असते, फक्त तिचं साल कुणाला माहीत नसतं.

शेती असलेल्या घराला आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते ती कोतवाल बुकाहून सोपी आहे. खातेदार मेला की वारसाचा फेरफार होतो, म्हणजे जमिनीवरच्या नावातल्या बदलाची नोंद. गाव नमुना ६ मधल्या त्या मजकुरात मयत कोण, वारस कोण, कोण अज्ञान (म्हणजे वयानं लहान) आणि कुणाच्या ताब्यात काय, हे सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर नावापुढं वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. त्यांच्या मागं मागं जात राहायचं. पुष्कळ तालुक्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. एक सावधगिरी ठेवा: फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. भाऊ एकत्र असले तर वारस लावायला दहा-दहा वर्षं कुणी तलाठ्याकडे जात नसे. मजकुरात "सुमारे चार वर्षांपूर्वी मयत" असं काही आहे का ते बघा.

वही हातात आली की आडनाव शोधू नका, बऱ्याचदा ते नसतंच. "राणू बिन बाबाजी" म्हणजे बाबाजीचा मुलगा राणू. मराठवाड्यात बिनच्या जागी वलद येतं. बाईच्या नावापुढं "कोम" किंवा "भ्रतार" आणि मग नवऱ्याचं नाव. लहान मुलांना तर नावच नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप, पटकी (कॉलरा), देवी, हगवण, गाठ (प्लेग) असे चार-दोन शब्द फिरून फिरून येतात. ते नीट उतरवून घ्या. आजच्या कायद्यात कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यात कारण दाखवता येत नाही. जुन्या नोंदीतूनच ते कळतं.

मोडीला घाबरू नका. सगळी मोडी शिकायची गरज नाही. शिरोरेघ सलग असते, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एवढं लक्षात ठेवून आपल्या गावचं नाव, घरातली चार पुरुषांची नावं आणि "मयत" हे कागदावर मोडीत लिहून घ्या आणि तीच आकृती पानावर शोधा. मी असंच सुरू केलं. पुढं गोडी लागली तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. मराठवाड्यातलं निजामाच्या काळातलं बरंचसं दप्तर उर्दूत आहे आणि साल फसली, म्हणजे तिथल्या महसुली कारभारातलं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाच्या फरकानं. म्हणजे १३४० फसली हे १९३०-३१.

तालुका कुठला होता हेही आधी बघून ठेवा. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, पालघर २०१४ चा. जिल्हा आणि तालुका नवा झाला म्हणून जुनी दप्तरं त्याच्यासोबत गेलीच असतील असं नाही. नव्या कचेरीत "नाही" म्हणाले तर मूळ तालुक्यात विचारा. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधासाठी सगळीकडचे गठ्ठे सोडले गेले, आणि बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेली पानं आपल्या संकेतस्थळावर टाकलीत. तुमचं घर त्या जातीचं नसलं तरी ते पान तुमच्या गावचं आहे, बघून घ्या.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला कोण आलं, कुणाच्या, कुठल्या गावचे, हे तिथं गाववार लिहिलेलं असतं आणि आलेल्यानं खाली सहीही केलेली असते. ख्रिस्ती घर असेल तर चर्चचं दफनाचं रजिस्टर सगळ्यात आधी.

पणजी मला सापडली ती फेरफारावरून. पणजोबांचा वारसाचा फेरफार १९२६ चा. त्यात लिहिलं होतं: पहिल्या बायकोपासून मुलगा १, वय ११, दुसऱ्या बायकोपासून मुलगा १, वय ५, दोघे अज्ञान. म्हणजे १९१५ ला पहिली होती आणि १९२१ ला दुसरीला मूल झालं होतं. मधे १९१८. तेव्हा कुठं आत्याचं वाक्य मला नीट ऐकू आलं. पणजीचं माहेर दुसऱ्या तालुक्यात. तिथं मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो, अर्ज दिला, तीन हेलपाटे घातले.

२३ ऑक्टोबर १९१८. तिचं नाव, कोम, पणजोबांचं नाव, आमचं गाव, वय २०, ताप. त्या पानावर वरपासून खालपर्यंत कारणाच्या रकान्यात तापच होता. मी नक्कल मागितली, वहीचं साल आणि पान क्रमांक टिपून घेतला, आणि सवयीनं जन्माच्या नोंदीही मागं चाळल्या. ३० सप्टेंबरला पणजोबांच्या नावावर मुलीचा जन्म आहे. बाळंतपणाला गेली होती ती. त्या मुलीबद्दल आमच्या घरात कधीच कुणी बोललं नाही. १९२२ पर्यंतच्या मयतांत ती नाही. पुढच्या वर्षांसाठी दुसरा अर्ज दिलाय.