पवनचक्कीवर बॅटरी खरोखर पूर्ण कशी भरायची

आषाढात पन्हाळ्याकडं वारा सुटला की चक्की घोंगावते, मीटरचा काटा 29 व्होल्टवर चढतो आणि घरात सगळ्यांना वाटतं, बॅटरी फुल्ल झाली. बहुतेक वेळा ती झालेली नसते. वारा झोतानं येतो. झोतात व्होल्टेज वर जातं, झोत ओसरला की खाली येतं, आणि शेवटचा वीसेक टक्के चार्ज राहूनच जातो. असं महिनोन्‌महिने चाललं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी बसते.

इथं 500 वॉटची चक्की आणि 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे 24 व्होल्टचा संच धरला आहे.

जोडताना आधी बॅटरी चार्ज कंट्रोलरला (चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याला) जोडा, मग चक्की. काढताना आधी चक्कीला ब्रेक लावा, नंतरच बॅटरीची वायर सोडा. सोलर पॅनल मोकळं सोडलं तर काही बिघडत नाही. चक्कीवरचा लोड सुटला तर ती बेफाम फिरते आणि पाती, बेअरिंग, कंट्रोलर यांतलं काहीतरी जातं. म्हणून बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरवणारा डंप लोड हवाच: 1.5 ओहमचा, 800 वॉट सोसणारा रेझिस्टर. तो तापतो. लाकडी फळीवर किंवा बॅटरीशेजारी बसवू नका. त्याची जाळीची पेटी आणि बॅटरीचा स्टँड कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापानं करून मिळेल.

चार्जिंगचा करंट 15 अँपिअरच्या आसपास ठेवा. निम्मी उतरलेली बॅटरी भरायला 75 एएच लागतात, घट धरून जवळपास 90. म्हणजे सहा तास सलग चांगला वारा. 28.8 व्होल्टला पोहोचल्यावर तिथंच दोन-तीन तास धरावं लागतं, करंट 3-4 अँपिअरवर येईपर्यंत. मग फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखण्याचं व्होल्टेज, 27.2.

खरं उत्तर मात्र बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर देतो. हातमोजे, चष्मा घाला. व्हेंट प्लग काढून फुगा दाबा, नळी अ‍ॅसिडमध्ये बुडवा, फुगा सावकाश सोडा. नळीतला तरंगता फ्लोट काचेला टेकला तर आकडा खोटा येतो; नळी उभी धरा आणि डोळा पातळीशी आणून वाचा. आपल्याकडच्या बहुतेक ट्युब्युलर बॅटऱ्यांत घनता 27 अंशाला 1.240 म्हणजे फुल्ल. 1.180 च्या खाली उतरू देऊ नका. बाराही सेल बघा. दोन सेलांत 0.030 पेक्षा जास्त फरक दिसला तर घरचा लोड बंद करून 7 अँपिअरनं, 31 व्होल्टपर्यंत इक्वलाइज करा, म्हणजे मुद्दाम जादा चार्ज देऊन सगळे सेल सारखे करा. तासातासानं घेतलेली तीन रीडिंग सारखी आली की थांबा. अ‍ॅसिड 50 अंशाला गेलं तर लगेच बंद. या वेळी हायड्रोजन भरपूर निघतो, खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ ठिणगी नको.

डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावरच घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी. पाणी घातल्याबरोबर घेतलेलं रीडिंग धरू नका, ते अजून मिसळलेलं नसतं.

दसऱ्यानंतर वारा पडतो. तेव्हा दर पंधरा दिवसांनी महावितरणच्या विजेवर चार्जर लावून 1.240 पर्यंत न्या. पंचगंगेकाठी घर असेल तर स्टँड 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणेपेक्षा वर घ्या.