झोपेतही बॅटरी खाणारा रेग्युलेटर

अंबड तालुक्यातील आमच्या मोसंबीच्या बागेत मातीचा ओलावा मोजून लोराद्वारे (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओद्वारे) आकडे घरी पाठवणारा एक छोटा नोड बसवलेला आहे. तो बहुतेक वेळ झोपलेला असूनही 2600 मिलीअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी महिनाभरही टिकत नव्हती. मल्टिमीटर बॅटरीशी एकसरीत जोडला, तेव्हा झोपेतही 5 मिलीअँपिअरहून अधिक प्रवाह दिसला. (मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मोजताना मीटरमध्येच व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होतो, म्हणून नोड झोपेपर्यंत मीटरची टोके तारेने जोडून ठेवावीत.)

तयार बोर्डावरील एएमएस1117 हा रेग्युलेटर (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप) स्वतःसाठीच जवळपास एवढा प्रवाह घेतो. शिवाय पूर्ण लोडवर त्याला इनपुट व आउटपुटमध्ये एक व्होल्टहून अधिक फरक लागतो, आणि 4.2 व्होल्टच्या सेलवरून 3.3 व्होल्ट काढताना तेवढा फरक मुळात मिळतच नाही. एका सेलच्या बोर्डावर तो का लावतात, हे कोडेच आहे.

त्याच्या जागी एमसीपी1700 लावला, ज्याचा स्वतःचा प्रवाह 1.6 मायक्रोअँपिअरच्या आसपास असतो. त्याची 250 मिलीअँपिअरची मर्यादा लोराच्या प्रक्षेपणाला पुरते. पायांची मांडणी मात्र वेगळी असल्याने ती डेटाशीटवरून ताडून घ्यावी.

तरीही सुमारे 20 मायक्रोअँपिअर अधिकचे जात होते. बॅटरीचे व्होल्टेज मोजण्यासाठी जोडलेले 100 किलोओहमचे दोन रोधक ते सतत पीत होते. तेथे प्रत्येकी 1 मेगाओहमचे रोधक घालून, वाचन स्थिर राहावे म्हणून मध्यबिंदूवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला.