अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आणि कर : उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘ब्रिटनने जाचक कर लादले, चहा महागला, बोस्टनकरांनी तो समुद्रात फेकला आणि अमेरिका स्वतंत्र झाली.’ स्पर्धा परीक्षेच्या उत्तरांत, भाषणांत, अगदी क्लासच्या नोट्समध्येही ही साखळी सर्रास भेटते. तिची जवळजवळ प्रत्येक कडी तपासावी लागते.

चहा महाग झाला, असं लिहू नका

1773 च्या चहा कायद्याने एका पैशाचाही नवा कर लावला नाही. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती. 1770 च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता आणि लंडनच्या गोदामांत न खपलेला चहा पडून होता. कंपनीला वाचवण्यासाठी संसदेने तिला तो चहा थेट अमेरिकेत पाठवायची मुभा दिली आणि ब्रिटनमधली जकात माफ केली. त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता, डच मालाच्या चोरट्या व्यापाराला टक्कर देण्याइतका.

मग राग कशाचा? 1767 मध्ये लावलेली पौंडामागे 3 पेन्सची जकात मात्र तशीच ठेवली होती. स्वस्त म्हणून तो चहा घेतला असता, तर कर लावायचा संसदेचा हक्क आपोआप मान्य झाला असता. शिवाय विक्री कंपनीने नेमलेल्या मोजक्या आडत्यांकडे जाणार होती, म्हणजे बाकीच्या व्यापाऱ्यांचं आणि तस्करांचं पोट मारलं जाणार होतं. तत्त्व आणि धंदा एकाच बाजूला आले. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री 342 पेट्या बोस्टनच्या बंदरात गेल्या त्या अशा. (त्या पेट्यांत आसामचा चहा होता, असंही कुणीकुणी लिहितं. तो चिनी चहा होता. आसामचे मळे एकोणिसाव्या शतकातले.)

‘असह्य बोजा’ हा शब्दप्रयोग जपून वापरा

वसाहतींतला माणूस ब्रिटनमधल्या माणसापेक्षा खूपच कमी कर भरत होता. 1763 मध्ये फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होतं, आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा थोडा खर्च तिथल्यांनी उचलावा एवढीच लंडनची अपेक्षा होती. 1764 च्या साखर कायद्याने तर परदेशी काकवीवरची जकात गॅलनमागे 6 पेन्सवरून 3 पेन्सवर आणली. फरक इतकाच की आधीची जकात चुकवली जायची, ही वसूल होणार होती. आणि चुकवणाऱ्याचा खटला ज्युरी नसलेल्या नौदल न्यायालयात चालणार होता. म्हणून उत्तरात कराच्या रकमेपेक्षा वसुलीच्या पद्धतीला जास्त जागा द्या.

त्यांना संसदेत जागा हव्या होत्या, हा गैरसमज

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ ही घोषणा वाचून आपण गृहीत धरतो की चार-दोन खासदार दिले असते तर भांडण मिटलं असतं. छापील कागदांवर आणि दस्तऐवजांवर कर लावणाऱ्या मुद्रांक कायद्याविरुद्ध ऑक्टोबर 1765 मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले. त्यांच्या ठरावातच म्हटलं होतं की आम्हाला कॉमन्स सभागृहात प्रतिनिधित्व नाही आणि आमच्या परिस्थितीमुळे ते असूही शकत नाही. कर लावायचा तर आमच्या विधिमंडळांनी, हा त्यांचा मुद्दा होता. 1766 मध्ये संसदेने मुद्रांक कायदा मागे घेतला. पण त्याच वेळी, वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा अधिकार आपल्याला आहे, असा दुसरा कायदा करून ठेवला. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या दुसऱ्या कायद्यात आहे, आणि उत्तरांत नेमका तोच गाळला जातो.

1773 वरून थेट 1776 वर उडी

उत्तर इथे तुटत असेल तर 1774 तपासा. चहाची शिक्षा म्हणून संसदेने बोस्टनचं बंदर बंद केलं आणि बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत, म्हणजे तिच्या कारभाराच्या हक्कपत्रात, हात घातला. तोवर बघ्याची भूमिका घेणाऱ्या वसाहतीही हादरल्या, कारण आज त्यांची सनद गेली तर उद्या आपली. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला तेरापैकी बारा वसाहती एकत्र आल्या. जॉर्जिया आला नव्हता. एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्यावरही, त्याच जुलैत राजाकडे समेटाचा अर्ज गेला होता. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध सत्तावीस तक्रारी आहेत. संमतीशिवाय कर ही त्यातली एक.

कर हेच एकमेव कारण

हे लिहिण्याआधी वेस्ट इंडिजमधल्या जमैका आणि बार्बाडोस या ब्रिटिश वसाहती आठवा. तिथेही मुद्रांक कर लागू होता, तिथल्यांनी तो भरलाही, आणि तिथले ऊसमळेवाले बंडात उतरले नाहीत. त्यांच्या साखरेला ब्रिटनची राखीव बाजारपेठ हवी होती आणि संख्येने कितीतरी जास्त असलेल्या गुलामांच्या धाकाने ब्रिटिश सैनिकही हवे होते. म्हणजे कर एकच, परिणाम वेगळे. 1763 च्या घोषणेने अॅपलाचियन पर्वतापलीकडच्या जमिनीवर घातलेली बंदीही कारणांत धरा. 1778 पासूनची फ्रान्सची साथ एका वाक्यात पुरे. त्याच वर्षांत कंपनी इकडे मराठ्यांशी लढत होती हे खरं, पण वडगावच्या लढाईचा बोस्टनच्या कराशी ओढूनताणून संबंध जोडू नका.

‘ब्रिटनने धडा घेतला’

घेतला, पण कुणापुरता? 1778 मध्ये संसदेने उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजमधल्या वसाहतींवर महसुलासाठी कर लावायचं सोडून दिलं. त्या यादीत हिंदुस्थान नव्हता. मुद्रांक कायदा झाला त्याच 1765 मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली होती, आणि तिथली वसुली चालूच राहिली. 1781 मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली तो कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला आणि 1793 मध्ये त्याने बंगालात कायमधारा, म्हणजे जमीन महसूल कायमचा ठरवून देण्याची, पद्धत लागू केली.