टॅम्पॉन (पाळीचं रक्त शोषायला योनीत ठेवायची कापसाची छोटी गुंडाळी) पहिल्यांदाच वापरताय?
पहिला प्रयत्न पाळीत अंगावरून जास्त जातं त्या दिवशी करा, बहुतेकींचा तो दुसरा दिवस. योनी कोरडी असली की टॅम्पॉन घासतो, दुखतं आणि उगीच धास्ती बसते. दुकानातून सर्वांत कमी शोषणारा घ्या. हात धुऊन उकिडवं बसा (आपल्या देशी संडासाची सवय इथे कामी येते!) आणि श्वास सोडत आत ढकला. सरळ वर नव्हे, पाठीच्या कण्याच्या दिशेने तिरका. चुकतं ते इथेच. दोरी बाहेर राहू द्या. नंतर बसताना टोचला तर तो पुरेसा आत गेलेला नाही. काढून नवा घ्या. पोटात हरवत नाही, गर्भाशयाचं तोंड फार अरुंद असतं. लघवीची वाट वेगळी, त्यासाठी काढायची गरज नाही. 4 ते 6 तासांनी बदला. 8 तासांच्या वर नकोच. वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. अचानक जोराचा ताप, उलट्या, पुरळ किंवा चक्कर आली तर टॅम्पॉन लगेच काढा, तातडीने डॉक्टर गाठा आणि टॅम्पॉन वापरत होता हे न लाजता सांगा. ही टॉक्सिक शॉक सिंड्रोमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराची लक्षणं असू शकतात. तो क्वचितच होतो, पण झपाट्याने वाढतो.